जाहीरनाम्याचं तिसरं पान

महापालिकेच्या निवडणुका इतकी वर्षं रखडल्या होत्या की आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना आपला नगरसेवक कोण होता हेच आठवत नव्हतं. त्या एकदाच्या जाहीर झाल्या आणि कर्वेनगरात लग्नघरासारखी गडबड उडाली. मी आजवर मतदानापलीकडे राजकारणाच्या वाऱ्यालाही उभी राहिले नव्हते. वाघोलीच्या एका कॉलेजात मी इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते, आणि कर्वेनगर ते वाघोली हे अंतर रोज स्कूटरवर कापणाऱ्या बाईच्या अंगात पक्ष, झेंडा वगैरेंसाठी त्राण उरत नाही. पण त्या जानेवारीत मला निवडणूक चढली. दुसरा शब्द नाही, चढलीच.

त्याचं असं झालं. एका रविवारी सकाळी एका पक्षाच्या उमेदवार ताई आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आल्या. चाळिशीच्या, शिवणक्लास चालवून वर आलेल्या, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मान डोलावत ऐकणाऱ्या. त्यांच्या पक्षानं शहराचा जाहीरनामा वेगळा आणि प्रत्येक प्रभागाचा चार पानी वेगळा काढायचं ठरवलं होतं. पहिल्या पानावर पाणी आणि कचरा, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर ‘पालक आणि कुटुंब’, चौथ्यावर फोटो. लोकांच्या सूचना हव्या होत्या. लोकांनी खड्डे, भटकी कुत्री आणि शेजारच्या सोसायटीचा टँकर या विषयांवर मनसोक्त सूचना केल्या. तिसऱ्या पानाबद्दल कुणी अवाक्षर काढेना, तेव्हा मी हात वर केला आणि पाळणाघरांवर दहा मिनिटं बोलले. महापालिकेच्या शाळांमध्ये रिकाम्या खोल्या आहेत, तिथे पाळणाघरं काढा. सकाळी आठ ते रात्री आठ. नोकरी करणाऱ्या आईबापांना पाच वाजता मूल घ्यायला या म्हणणं म्हणजे त्यांना नोकरी सोडा म्हणणंच आहे. असं बरंच काही.

ताई म्हणाल्या, “एवढं सगळं तुमच्या डोक्यात तयार आहे, तर तिसरं पान तुम्हीच लिहा ना.”

त्या सहज म्हणाल्या असतील. मी मात्र जिना चढून घरी आले ते दोन दोन पायऱ्या गाळत. नवऱ्याला सांगितलं, तर तो मोबाइलमधून डोकं न काढता “भारी!” म्हणाला. तो हिंजवडीला कामाला आहे, सकाळी आठला निघतो तो अंधार पडल्यावर उगवतो, आणि रविवारी त्याच्याकडून याहून मोठी वाक्यं मिळत नाहीत. सासूबाई तीन वर्षांच्या आमच्या लेकीची वेणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, “लिही. लिहायला काय जातंय.” एवढं बोलून त्यांनी रबर ताणून बसवलं.

सासूबाईंबद्दल इथेच सांगायला हवं. त्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं सिस्टर होत्या. सासरे लवकर गेले, तेव्हा दोन मुलं शेजारणीच्या भरवशावर टाकून त्यांनी नाइट ड्युट्या केल्या. त्या रिटायर झाल्या आणि सहा महिन्यांत माझी बाळंतपणाची रजा संपली. तेव्हापासून सकाळी साडेसातला मी दाराबाहेर पडले की लेक त्यांच्या ताब्यात. संध्याकाळी मी परत येते तेव्हा त्या दारातच उभ्या असतात आणि मला हँडओव्हर देतात. हो, हँडओव्हर. दवाखान्यात एक सिस्टर दुसरीला देते तसा, उभ्या उभ्या, एका दमात. “वरण-भात खाल्ला, दूध नको म्हणाली, दोन ते साडेतीन झोपली, गुडघा खरचटलाय, औषध लावलंय, ताप नाही.” मग त्या आपल्या खोलीत जातात आणि अर्धा तास दार बंद. माझ्या मैत्रिणींना मी ही गोष्ट हसत हसत सांगायचे. माझ्या सासूबाई म्हणजे घरातलं आयसीयू आहे, असंही म्हणायचे.

पक्षाचं प्रचार कार्यालय म्हणजे बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान होतं. आत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर एक काका. हे काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. पक्षाची सत्ता आली, गेली, फुटली, जुळली, काका मात्र दर निवडणुकीत तिथेच बसून मजकूर जुळवत आले होते. मी माझा मजकूर घेऊन गेले. सहा कागद, पाठपोट. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळे वाचले.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे आपण स्वीडनला पाठवणार आहोत का कर्वेनगरला?”

मला राग यायला हवा होता, पण मला मजाच वाटली. पुढचे आठ दिवस मी कॉलेज सुटलं की घरी न जाता आधी त्या दुकानात जायचे आणि काकांशी भांडायचे. मी बापांना सहा महिने रजा लिहिली होती. काका म्हणाले, “रजा महापालिका देत नाही. महापालिका बापाला फार तर जन्माचा दाखला देते.” खोडलं. मी प्रत्येक बसथांब्यावर स्तनपानाची खोली लिहिली होती. काका म्हणाले, “आधी प्रत्येक बसथांब्यावर बस थांबेल असं लिहा.” ते मोठ्या स्थानकांपुरतं उरलं. माझी वाक्यं ते कात्रीनं कापावीत तशी कापायचे. जाहीरनाम्यातलं वचन एका श्वासात म्हणता आलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचं घर दिसलं पाहिजे, हे मी त्यांच्याकडून शिकले. वर्गात फळ्यावर सिद्धता लिहितानाही मला तिसरं पान दिसायला लागलं. वाघोलीहून परत येताना सिग्नलला थांबले की ओठांनी वाक्यं म्हणून बघायचे, आणि शेजारचे रिक्षावाले माझ्याकडे बघायचे. आपण लिहिलेली ओळ हजारो घरांत जाणार या कल्पनेनं मला झोप लागत नव्हती.

आता या सगळ्या भरात मी रोज दीड तास उशिरा घरी पोहोचत होते. हँडओव्हर साडेसहाऐवजी आठला होत होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही. देशकार्य चाललेलं असताना असल्या गोष्टी कोण विचारतो.

काकांनी एकदा सुचवलं, लोकांच्या घरी जाऊन विचारा की मूल कोण सांभाळतं. मी गणितवाली, मला हे फारच पटलं. एका शनिवारी आणि रविवारी मी तीन सोसायट्या पालथ्या घातल्या. हातात वही, गळ्यात पक्षाचं उपरणं. दार उघडणाऱ्या सुनेला किंवा मुलाला विचारायचे, “तुम्ही दोघं कामावर गेलात की बाळाला कोण बघतं?” बहुतेक घरांत एकच उत्तर मिळालं. “आई आहेत ना.” कुठे “आई आहे ना,” कुठे “मम्मी आहेत ना.” एक मुलगी दारातच कानाला हेडफोन लावून होती. ती म्हणाली, “ॲक्च्युअली माझं वर्क फ्रॉम होम आहे, पण कॉल्स असतात, सो आई आहेत ना.” आणि त्या प्रत्येक घरात ती आई मागे सोफ्यावर किंवा जमिनीवर बसलेली असायची. मटारचे दिवस होते. ती मटार सोलत असायची आणि एक पाय लांब करून त्यानं पाळणा किंवा तीनचाकी अडवून धरलेली असायची. मी तिला “नमस्कार आजी” म्हणायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे.

वही काकांसमोर ठेवली. काकांनी पानं उलटली आणि म्हणाले, “बघा. लोक पाळणाघराला मत देत नाहीत. लोक आजीला मत देतात.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. मी तिथेच, उभ्या उभ्या, काकांच्याच पेनानं लिहिलं: ‘आजी सन्मान योजना. नातवंडांचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक आजीला महापालिकेतर्फे दरमहा मानधन आणि सन्मानपत्र.’ काकांनी ते मोठ्यानं वाचलं. एका श्वासात बसलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, “वा.” तेवढ्यात ताई आल्या, त्यांनी वाचलं आणि मला मिठीच मारली. हा मुद्दा पहिला घ्यायचा, मोठ्या टाइपात, असं ठरलं. मी हवेत होते. आता सासूबाईंना मानधन मिळणार, मान मिळणार, आणि तो मी मिळवून देणार.

फक्त एक अडचण झाली. तिसऱ्या पानावर जागा सहा मुद्द्यांची होती आणि आता सात झाले. काका म्हणाले, “आणि तसंही, एकाच पानावर आजीचा सन्मान करायचा आणि तिचं नातवंड पाळणाघरात टाकायचं? लोक विचारतील, तुम्हाला नक्की म्हणायचंय काय?” मला हे तर्कशुद्ध वाटलं. बहुतेक घरांत आई होत्याच. माझ्या घरीही होत्याच. काकांनी लाल पेन पुढे केलं, आणि ज्या पाळणाघरासाठी मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं घसा फोडला होता, ते माझ्या हातानं मी खोडलं. आठ ते आठ, रिकाम्या खोल्या, सगळं. खोडताना हात अडखळला नाही, हे मला आज सांगायला जड जातंय.

घरी येऊन सासूबाईंना योजना वाचून दाखवली. त्या लेकीला भरवत होत्या. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, “बरं.”

“आवडली ना?”

“चांगली आहे. तिचं तोंड पूस.”

मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आमच्या घरात “बरं” याहून मोठं कौतुक सासूबाईंनी कधी कुणाचं केलं नव्हतं.

संक्रांतीच्या निमित्तानं प्रभागातल्या बायकांना बोलवायचं ठरलं. ताईंच्या मनात हळदीकुंकू होतं. मी म्हटलं, मग माझ्या घरून कुणी येणार नाही. आमचं घर बौद्ध, आणि सासूबाईंना त्या ताटाभोवतीच्या खुसपुशीचा अनुभव होता. शिवाय मागच्या इमारतींत कितीतरी मुसलमान घरं, त्यांनी काय करायचं? ताई पटकन म्हणाल्या, “तिळगूळ मेळावा करू. सगळ्याजणी येतील.” काका म्हणाले, “आणि वाण नाही. आचारसंहिता आहे. फक्त तिळगूळ.” ही लढाई मी जिंकले होते आणि मला कोण आनंद झाला होता. सासूबाईंना मी स्वतः आग्रह करून तयार केलं. त्यांनी पांढरी, निळ्या काठांची साडी नेसली. लेकीला त्या दिवशी नवऱ्याच्या स्वाधीन केलं. हे घडायलाही निवडणूक लागली.

मेळाव्याला पार्किंग भरून गेलं. पुढच्या रांगांत आज्याच आज्या. संध्याकाळ झाली होती, मंडपात मोठे दिवे लावले होते, आणि जाहीरनामा दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला जाणार होता. ताईंनी मला माइकवर बोलावलं. आवाज ठणठणीत निघाला. मी तिसरं पान वाचलं. ‘आजी सन्मान योजना’ म्हटल्यावर टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला गणित शिकवून अख्ख्या आयुष्यात मिळाल्या नाहीत. त्या ओसरल्या, तेव्हा ताईंना राहवेना. त्या म्हणाल्या, “ही योजना सुचली कुणामुळे, सांगू? आपल्या या मॅडमच्या सासूबाई इथेच बसल्यात. आजी, वर या. दोन शब्द बोला.” हे काही ठरलेलं नव्हतं. सासूबाई उठल्या, सावकाश वर आल्या आणि माइक हातात धरला.

“नमस्कार,” त्या म्हणाल्या. “मी चौतीस वर्षं सिस्टर होते. आमच्याकडे ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला हँडओव्हर द्यायचा आणि घरी जायचं. पुढची आली नाही तर जाता येत नाही. पेशंट टाकून कोण जाईल? थांबायचं. एकदा मी तशी लागोपाठ तीन ड्युट्या थांबले. सकाळी मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला गुलाबाचं फूल दिलं. मला फूल नको होतं. मला रिलिव्हर हवी होती.”

कुणीतरी हसलं.

“आमची नात गोड आहे. माझा जीव आहे तिच्यावर. तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण अडीच वर्षं झाली, मी रोज हँडओव्हर देते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मीच ड्युटीवर असते. ही योजना चांगली आहे, सुनेनं मनापासून लिहिलीय. मी एवढंच विचारते की रिलिव्हर कुठल्या पानावर आहे?”

त्यांनी माइक ताईंच्या हातात दिला आणि खाली जाऊन बसल्या.

खरं सांगते, मला आधी राग आला. लाज नंतर आली. सगळ्या प्रभागासमोर, माझ्याच पानावर, घरच्याच माणसानं. कान तापले होते. पण तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक आजी खुर्चीचा आधार घेत उठली आणि माइक न घेताच म्हणाली, “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलंय. डॉक्टर तयार आहेत. सुनेला सुट्टी नाही.” मागच्या इमारतीतल्या एक चाची डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, “आमच्याकडे तर दोन घरांची नातवंडं आहेत. सकाळी थोरल्याची, दुपारनंतर धाकट्याची. मध्ये मी जेवते, तेही उभ्यानं.” मग कुणी थांबेना. एकीला बहिणीकडे नगरला जायचं होतं, बहीण आजारी होती. एकीला दुपारी नुसतं आडवं व्हायचं होतं. मटार सोलणाऱ्या सगळ्या बायका, ज्यांना मी नमस्कार करून वहीत खूण केली होती, त्या आता बोलत होत्या. तीन सोसायट्यांत मी दारोदार फिरले, आणि ज्यांच्याबद्दल विचारत होते त्यांना एकदाही विचारलं नाही. बाहेर नाही आणि घरातही नाही. काका मात्र मंडपाच्या कडेला उभे राहून, खिशातली चिठ्ठी भिंतीला लावून, प्रत्येकीचं बोलणं भराभर लिहून घेत होते.

आम्ही दोघी घरी निघालो. दोन इमारती ओलांडायच्या, तेवढंच अंतर. जिन्यात मला राहवलं नाही. “आई, मला आधी सांगायचं ना.”

“काय सांगणार? तू वाघोलीहून दीड तास गाडी हाकत येतेस. दारात तुझं तोंड बघितलं की सांगवत नव्हतं.”

“मग तिथे कसं सांगवलं?”

“तिथे तुझं तोंड दिसत नव्हतं. दिवा डोळ्यांवर होता.”

मी पायरीवरच बसले. मला रडू येत होतं आणि हसूही. मी म्हटलं, “मी नोकरी सोडते. कॉलेजला उद्याच सांगते.”

सासूबाई माझ्यावर इतक्या चिडलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. “नोकरी सोडलीस तर याद राख,” त्या म्हणाल्या. “माझी अडीच वर्षं पाण्यात घालतेस काय? ड्युटी एकीनं सोडायची आणि दुसरीनं कायमची धरायची, याला हँडओव्हर म्हणत नाहीत. या घरात तिसरंही एक माणूस राहतं ना?”

तिसरं माणूस आत लेकीला झोपवता झोपवता स्वतःच झोपलं होतं. त्याला उठवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण आई कधी बोलली नाही.” मी म्हटलं, “तू विचारलंस कधी?” तो म्हणाला, “तू?”

सकाळी आठच्या आत मी झेरॉक्सच्या दुकानात होते. पहिलं लेक्चर बुडवलं, आयुष्यात पहिल्यांदा. काका माझ्याआधीच येऊन बसले होते आणि त्यांनी तिसरं पान स्क्रीनवर उघडून ठेवलं होतं. ताई आल्या त्या थोड्या धास्तावलेल्या होत्या. सन्मान योजना काढायची म्हणता की काय, टाळ्या पडल्या होत्या तिला. मी म्हटलं, काढू नका, पण पाळणाघर पहिलं घ्या. आठ ते आठ. ताई म्हणाल्या, “जागा?” छापखान्याचा माणूस दारात फटफटी चालू ठेवून उभा होता. मी चौथ्या पानाकडे बोट केलं. तिथे ताईंचा फोटो होता, जवळजवळ पूर्ण पानाचा. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे बघितलं, आणि म्हणाले, “तिळगूळ खाऊन लोक गोड बोलतात, ताई. फोटो बघून नाही.” ताई आधी दचकल्या आणि मग इतक्या मोकळेपणी हसल्या की मला त्या तेव्हा खरोखर आवडल्या. फोटो निम्मा झाला. बस स्थानकांचा मुद्दा चौथ्या पानावर गेला. तिसऱ्या पानावर सर्वांत वर पाळणाघर आलं, आणि त्याखाली काकांनी स्वतःहून एक ओळ जोडली: ‘आजीलाही सुट्टी हवी.’ मी ती वाचली आणि या वेळी “वा” मी म्हणाले.

ते पान घेऊन मी पुढचे दिवस वेड्यासारखी फिरले. प्रत्येक दारात आता आधी सोफ्यावरच्या आजीकडे जायचे, खाली बसायचे आणि तिच्या हातात कागद द्यायचे. एकीनं तर मला मटार सोलायला बसवलं आणि तासभर बोलत राहिली. मतदानाच्या दिवशी सासूबाई आणि मी पहिल्या दहांत होतो. ताई निवडून आल्या. गुलालानं माखून मी घरी आले तेव्हा लेकीनं मला ओळखलंच नाही आणि भोकाड पसरलं.

महापालिकेत पाळणाघराचा ठराव मांडला गेला आहे, शाळेतली खोली बघून झाली आहे, मंजुरी यायची आहे. ताई दर पंधरवड्याला मला सांगतात आणि मी दर पंधरवड्याला त्यांना विचारते. पण घरातल्या ठरावाला आम्ही मंजुरीची वाट बघितली नाही. नवऱ्यानं ऑफिसात भांडून सोमवार आणि शुक्रवार घरून काम मिळवलं. पहिल्याच सोमवारी संध्याकाळी तो दारात उभा होता, केस विस्कटलेले, शर्टावर वरण, आणि म्हणाला, “आई हे रोज करत होती?” मंगळवार ते गुरुवार लेक मागच्या गल्लीतल्या एका बाईंच्या पाळणाघरात जाते. ते साडेसहाला बंद होतं, म्हणून मी कॉलेजात माझे तास सकाळकडे ओढून घेतले. त्यासाठी विभागप्रमुखांशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पहिले दोन दिवस लेक रडली. तिसऱ्या दिवशी परत यायला तयार नव्हती.

गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. मानधनाचं व्हायचं तेव्हा होईल, पण निदान ‘आजी सन्मान सोहळा’ घ्यायचा ठरला आहे. गुरुवारी दुपारी चारला, शाल, श्रीफळ, फोटो. आणि पहिला सत्कार कुणाचा, तर सासूबाईंचा. ज्यांच्यामुळे तिसरं पान तिसरं पान झालं, त्यांचा. मलाही आनंद झाला. मी धावतच गॅलरीत गेले. सासूबाई तिथे खुर्चीवर बसल्या होत्या.

“गुरुवारी?” त्या म्हणाल्या. “नाही जमायचं.”

“का? गुरुवारी काय आहे?”

“काही नाही.”

मला वाटलं, त्या लाजतायत. “मग या ना, आई. तासाभराचं तर काम आहे. मी लवकर येते, मी घेऊन जाते तुम्हाला.”

“अगं, काही नाही, म्हणूनच तर,” त्या म्हणाल्या. “मला काहीच नाही असा गुरुवार चौतीस अधिक अडीच वर्षांनी आलाय. तो कशाला मोडू?”

मी ताईंना तसंच्या तसं कळवलं. गुरुवारी मी वाघोलीला गेले, नवरा हिंजवडीला गेला, लेक पाळणाघरात गेली, आणि सासूबाई दिवसभर घरी एकट्या होत्या.